पृच्छना : विचारण्याची रीत

सांगलीतील हळदीच्या एका जुन्या अडत पेढीच्या वाड्यात पुण्याहून नात आली, ती या वेळी सुट्टीसाठी आली नव्हती. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी तिला प्रबंध लिहायचा होता. विषय होता, ‘व्यापारी कुटुंबांतील स्त्रियांचा व्यवसायातील सहभाग’. पिशवीत चोवीस प्रश्नांची छापील प्रश्नावली होती, मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय होती आणि मनात एक खात्री होती, की पहिली मुलाखत घरचीच असल्यामुळे ती सर्वांत सोपी जाईल. मुलाखत द्यायची होती तिच्या ब्याऐंशी वर्षांच्या आजीने.

ती मुलाखत अकरा मिनिटांत संपली.

“व्यवसायाच्या निर्णयांत तुमचा सहभाग होता का?”

“नाही.”

“मग निर्णय कोण घेत असत?”

“पुरुष माणसं.”

“स्त्रियांचा सहभाग असायला हवा होता, असं तुम्हांला वाटत नाही का?”

आजी हसली. “तुला वाटतं ना? मग तसं लिही. आणि कालपर्यंत ‘आजी, तू’ म्हणत होतीस, आज हे ‘तुम्ही’ कुठून आलं?”

संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. स्वयंपाकघरात सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची घाई चालली होती. आजीचे अर्धे लक्ष चुलीकडे आणि अर्धे पश्चिमेच्या खिडकीकडे होते. चोवीसपैकी सतरा प्रश्नांची उत्तरे ‘हो’, ‘नाही’ आणि ‘ते यांना ठाऊक’ या तीन शब्दसमूहांत बसली. नातीने मुलाखत उतरवून काढली, तेव्हा ती जेमतेम दोन पानांची भरली. त्या दोन पानांचा निष्कर्ष एकच निघत होता : या घरातील स्त्रीचा व्यवसायाशी काहीही संबंध नव्हता.

पुण्यात तिच्या मार्गदर्शक बाईंनी ती दोन पाने वाचली आणि रागावण्याऐवजी पेन्सिल हाती घेतली. पहिल्या प्रश्नाखाली त्यांनी लिहिले, ‘या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मोकळे होता येते.’ दुसऱ्याखाली लिहिले, ‘सहभाग हा शब्द तुझ्या पुस्तकातला आहे, आजीच्या बोलण्यातला नाही.’ तिसऱ्याखाली फक्त एक वाक्य होते : ‘हा प्रश्न नव्हे, हे तुझे मत आहे, शेवटी प्रश्नचिन्ह दिल्याने त्याचा प्रश्न होत नाही.’ पानाच्या तळाशी त्यांनी विचारले होते, ‘उत्तर संपल्यावर तू किती क्षण थांबलीस?’ ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकल्यावर नातीला उत्तर मिळाले. ती एकदाही थांबली नव्हती. आजीचा शब्द संपायच्या आत तिचा पुढचा प्रश्न सुरू झालेला होता.

व्यापारी घरांना आकड्यांचे संशोधन समजावून सांगावे लागत नाही. रोजकीर्दीतून खतावणी होते, खतावणीतून ताळेबंद निघतो, आणि वर्षाच्या शेवटी किती आले, किती गेले, हे पैशापर्यंत मांडता येते. ‘किती’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. सर्वेक्षणाची प्रश्नावली हीदेखील एक प्रकारची खतावणीच. हजार लोकांना एकच प्रश्न विचारला, की उत्तरांची बेरीज करता येते. परंतु ‘कसे घडले’ आणि ‘ज्याच्या बाबतीत घडले त्याला ते कसे दिसले’, या प्रश्नांसाठी खतावणीत रकाना नसतो. त्यासाठी थोड्या माणसांशी सावकाश, दीर्घ आणि पुन्हा पुन्हा बोलावे लागते. यालाच गुणात्मक संशोधन म्हणतात. तेथे संशोधकाचे मुख्य साधन म्हणजे प्रश्न, आणि हे साधन वाकडे असेल तर माप वाकडे येते.

ही गोष्ट एका मोठ्या कारखान्याने फार पूर्वी अनुभवली होती. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणारा प्रचंड कारखाना होता. कामगारांच्या मनात काय आहे, हे जाणून घेण्यासाठी १९२८ मध्ये तेथे मुलाखती सुरू झाल्या. १९३० पर्यंत मुलाखत दिलेल्या कामगारांची संख्या एकवीस हजारांवर गेली. आरंभी प्रश्न ठरलेले असत : मुकादम कसा आहे, काम कसे आहे, कामाच्या जागेची स्थिती कशी आहे. कामगार या प्रश्नांना थोडक्यात उत्तर देत, आणि संधी मिळताच स्वतःच्या मनातल्या वेगळ्याच विषयाकडे वळत. मुलाखतकार त्यांना पुन्हा मूळ प्रश्नावर आणी. अखेर १९२९ मध्ये पद्धत बदलण्यात आली. विषय कामगाराने निवडायचा, मुलाखतकाराने ऐकायचे. मध्ये तोडायचे नाही, उपदेश करायचा नाही, वाद घालायचा नाही. सरासरी अर्ध्या तासाची मुलाखत मग दीड तासापर्यंत लांबली. फ्रिट्झ रोथलिसबर्गर आणि विल्यम डिक्सन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा सारा वृत्तान्त तपशिलाने दिला आहे. ज्यांना कारखान्याविषयी काही सांगायचे नाही असे वाटत होते, त्यांना सांगण्यासारखे पुष्कळ होते. फक्त ते विचारणाऱ्याच्या यादीत नव्हते.

मार्गदर्शक बाईंनी नातीला दोन पुस्तके वाचायला दिली. पहिले होते जेम्स स्प्रॅडली या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाचे, १९७९ मध्ये निघालेले, मुलाखतीच्या शास्त्रावरचे. त्यात फेरफटक्याचा प्रश्न सांगितला आहे. पाहुणा घरी आला, की यजमान त्याला ओसरीपासून परसापर्यंत घर दाखवतो. तसेच समोरच्या माणसाला त्याच्या दिवसाचा, त्याच्या कामाचा, त्याच्या जागेचा फेरफटका घडवायला सांगावे. ‘तुमचा सहभाग किती?’ असे विचारल्यास माणूस न्यायाधीशासमोर उभा राहिल्यासारखा होतो; ‘तुमचा दिवस कसा जात असे?’ असे विचारल्यास तोच माणूस यजमान होतो. ज्ञानाची गादी त्याच्याकडे जाते आणि विचारणारा शिकायला बसतो.

दुसरे पुस्तक जैन समाजाविषयीचे होते. जैन समाजाकडे समाजशास्त्राच्या नजरेने पाहण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. विलास आदिनाथ संगवे यांचा जैन समाजाच्या सर्वेक्षणाचा इंग्रजी ग्रंथ १९५९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. बाईंनी दिलेले पुस्तक मात्र वेगळ्या रीतीचे होते. व्हिटनी केल्टिंग या अमेरिकन विदुषीने पुण्यातील जैन श्राविकांच्या स्तवनगायनाचा अभ्यास केला आणि ‘सिंगिंग टू द जिनाज’ हे पुस्तक २००१ साली प्रसिद्ध केले. ‘तुमची भक्तीची संकल्पना काय?’ असे एकदा विचारून त्या परतल्या नाहीत. त्या महिला मंडळांत बसल्या, स्तवने शिकल्या, गायल्या. स्त्रिया आपले तत्त्वज्ञान व्याख्येत सांगत नसतील, पण कोणते स्तवन कधी गायचे, कोणत्या चालीवर गायचे, ते कोणाकडून शिकायचे, यात ते सांगत असतात. त्यासाठी विचारणाऱ्याला तेथे असावे लागते.

या वाचनातून नातीने आपल्या चोवीस प्रश्नांची चाळणी केली. एका वाक्यात दोन प्रश्न असलेले चार निघाले. अशा प्रश्नाला आलेले ‘हो’ नेमके कोणत्या अर्ध्याला आहे, हे कळत नाही. उत्तर आधीच सुचवणारे सहा निघाले. ‘का’ने सुरू होणारे पाच होते. ‘का’ हा शब्द जपून वापरावा लागतो. घरात, शाळेत, कचेरीत ‘का’ हा बहुधा चुकीनंतर येतो : उशीर का झाला, हिशोब का जुळत नाही. त्यामुळे ‘का’ ऐकताच माणूस कारण सांगण्याऐवजी बचाव करू लागतो. त्याच ठिकाणी ‘तेव्हा काय झाले?’ किंवा ‘ते कसे ठरले?’ असे विचारले, की घटना समोर येते आणि कारण तिच्यामागून आपोआप येते. चाळणीनंतर तिच्याकडे सहा प्रश्न उरले. प्रत्येकापुढे तिने मोकळी जागा सोडली, कारण पुढचा प्रश्न मागच्या उत्तरातून निघायला हवा होता.

दुसऱ्या खेपेस ती सकाळी बसली. आजी मंदिरातून परतली होती, न्याहारी झाली होती, आणि ती माजघरात सुपात तूरडाळ घेऊन निवडत होती. नातीनेही समोर एक ताट घेतले. मोबाइल दोघींच्या मध्ये ठेवला आणि विचारून मगच सुरू केला. “नको वाटलं, की सांग. लगेच बंद करीन,” असे तिने सांगितले. तसे पाहिले तर यंत्राचा संकोच सर्वांनाच असतो. विल्यम लॅबोव्ह हा भाषाशास्त्रज्ञ १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लोकांची रोजची बोली टिपत असे, पण यंत्र समोर दिसले, की लोक शुद्ध, सावध बोलू लागत. तेव्हा तो विचारी, ‘आता आपण मरतो, असा प्रसंग तुमच्यावर कधी आला होता का?’ तो प्रसंग सांगताना माणूस यंत्र विसरे आणि त्याची खरी बोली ओठांवर येई. आजीला असे काही विचारण्याची आवश्यकता नव्हती. हातात डाळ असली, की तिला यंत्राचा विसर पडत असे.

“आजी, हळदीच्या हंगामात सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत तुझा दिवस कसा जायचा? मला काहीच ठाऊक नाही असं समज आणि सगळं सांग.”

आजीने सूप थांबवले. “सगळं? त्याला दुपार होईल.”

दुपारच झाली. पहाटे चारला बंब पेटे. सौद्यासाठी आदल्या रात्रीच आलेले शेतकरी पेढीच्या ओट्यावर निजलेले असत. त्यांची आंघोळ, चहा, मग दोन पंक्ती. कर्नाटकाकडून आलेल्यांना कोणती भाजी चालते, घाटावरच्यांना कोणती, हे आजीला पाठ होते. ती वाढताना ताटांकडे पाही. एखादा नेहमी चार भाकरी खाणारा माणूस दोनवर हात धुऊ लागला, की त्याच्या घरी काहीतरी अडले आहे, हे तिच्या ध्यानी येई. बरोबर त्याची बायको आली असेल, तर मागच्या पडवीत तिच्याशी बोलणे होई. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले आहे, कोणाचा बैल गेला आहे, कोणी दुसऱ्या पेढीकडून उचल घेऊन बसला आहे, हे दिवाणजींच्या आधी आजीला कळे.

“मग?” नातीने एवढेच विचारले.

“मग काय? रात्री मी आण्णांच्या कानावर घालायची. सकाळी ते उचल किती द्यायची ते ठरवायचे.”

पाच दिवसांपूर्वी याच तोंडाने आजी ‘निर्णय पुरुष माणसं घेत’ असे सांगून गेली होती, आणि ते खोटे नव्हते. रक्कम आण्णाच ठरवत. पण ज्या माहितीवर ती ठरे, ती माहिती पंक्तीतून आणि पडवीतून आलेली असे. आजी याला व्यवसाय म्हणत नव्हती. ती याला वाढणे म्हणत होती. ‘व्यवसायातील सहभाग’ असे शब्द घेऊन विचारणाऱ्याला ते कधीच सापडले नसते.

आणखीही निघाले. पट्टीचे पैसे हाती आल्यावर मुक्कामाला राहणारे काही शेतकरी रात्रीपुरते ते आजीकडे ठेवत. “कशात ठेवायचीस?” या साध्या प्रश्नावर आजी उठून कोनाड्यापर्यंत गेली आणि तिने दाखवले : ज्याच्या त्याच्या रुमालात, प्रत्येक गाठ वेगळी, नाव लिहिण्याची गरज नाही. पन्नासाहून अधिक हंगामांत एकही गाठ चुकली नव्हती. त्या पैशांची नोंद कोणत्याही वहीत नाही.

बोलता बोलता विषय साठवणुकीवर आला. सांगलीलगतच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राखली जात असे. नातीने त्यातले एकही पाहिलेले नव्हते. तिने विचारले, “आपलं पेव शेवटचं कधी उघडलं, आजी?”

सुपावरचा हात थांबला. नातीच्या जिभेवर पुढचा प्रश्न आला होता. तिने तो गिळला. माजघरात भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येऊ लागला. अर्धे मिनिट गेले असेल. मुलाखत घेणाऱ्याला अर्धे मिनिट फार मोठे वाटते, पण देणाऱ्याला तेवढ्यात कित्येक वर्षे मागे जाऊन यायचे असते.

“ते यंत्र बंद कर,” आजी म्हणाली.

नातीने बंद केले, आणि फोन उलटा करून दूर सरकवला. त्यानंतर आजीने जे सांगितले, ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

२००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले. या पेढीची हळदही त्यात होती. पेढीच्या मालाबरोबर अकरा लहान शेतकऱ्यांचा माल, भाव चढेल या आशेने, तेथेच ठेवलेला होता. पाणी ओसरल्यावर उरले ते विकण्याजोगे नव्हते. पेढी दोन भावांची, सामायिक. थोरल्या भावांचे म्हणणे, पूर हा कोणाचा अपराध नव्हे. ज्याचा माल त्याचे नुकसान. व्यवहाराच्या दृष्टीने ते चूक नव्हते. पेढीचेही कंबरडे मोडलेच होते. आण्णांना मात्र झोप येईना. त्या अकराजणांची ताटे आजीनेही वाढलेली होती. तिने माहेरच्या चार पाटल्या आणि गोठ काढून दिले. तिच्या भावाने ते परगावी नेऊन मोडले. अकराजणांना निम्म्या भावाने पैसे पोचले. थोरल्यांचा शब्द मोडला असे त्यांना वाटू नये, म्हणून आण्णांनी ही गोष्ट कोणालाही न सांगण्याचे आजीकडून वचन घेतले.

पण शेतकऱ्यांना पैसे मिळाले, ही बातमी थोरल्यांपर्यंत गेलीच. पैसे आले कोठून? त्यांनी रोजकीर्द काढून पाहिली. नोंद नव्हती. नोंद नाही, म्हणजे पैसा सामायिक खात्यातून लपवून काढला, असा त्यांनी अर्थ लावला. ते काही बोलले नाहीत. धाकट्या भावाला त्यांनी काही विचारले नाही. आण्णांनीही आपण होऊन सांगितले नाही. पुढच्या दिवाळीला पेढीची वाटणी झाली आणि वाड्याच्या चौकात भिंत उभी राहिली. २०११ मध्ये आण्णा गेले. थोरले आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्याच भिंतीपलीकडे राहतात.

“त्यांनी विचारलं असतं तर आण्णांनी सांगितलं असतं का?” नातीने हलकेच विचारले.

“विचारलं कुठं कुणी,” आजी म्हणाली, आणि सूप पुन्हा हलू लागले.

त्या रात्री नातीपुढे एक पेच उभा राहिला. तिच्या प्रबंधाला जे हवे होते, त्याचा याहून सबळ पुरावा मिळणे शक्य नव्हते. एका स्त्रीने स्वतःच्या स्त्रीधनातून पेढीची पत राखली होती, आणि हिशोबाच्या वह्यांनी तिची नोंद तर घेतली नाहीच, उलट त्या कोऱ्या जागेने एक घर दुभंगले होते. नावे बदलून, गाव बदलून लिहिता आले असते. पण सांगलीतल्या व्यापारी घरांत नाव बदलल्याने माणूस लपत नाही. पेव, पूर आणि दोन भाऊ एवढे सांगितले, की ओळखणारे ओळखतात. आणि आजीने यंत्र बंद करायला लावले होते. संशोधनाच्या नीतीत संमती ही आरंभी एकदा घेऊन ठेवायची सही नसते. बोलणारा ज्या क्षणी ती मागे घेतो, त्या क्षणापासून ती नसते. आजीकडच्या रुमालांसारखेच ते होते. ठेव सांभाळायला घेतलेल्याने ती वापरायची नसते.

नातीने तो भाग लिहिला नाही.

उरलेल्या ध्वनिमुद्रणाचा शब्दन् शब्द तिने उतरवून काढला. तासाभराच्या बोलण्याला असे चार-सहा तास सहज लागतात. पण याच कामात ऐकताना निसटलेले बरेच काही हाती लागते. मग ती पुन्हा सांगलीला गेली आणि लिहिलेले सारे तिने आजीला वाचून दाखवले. आपल्या तोंडचे शब्द कागदावर कसे उतरले आहेत, हे पाहण्याचा अधिकार बोलणाऱ्याचा असतो. चुकाही तेथेच सापडतात. “सोळा माणसांचा स्वयंपाक,” असे नातीने वाचताच आजीने हात वर केला. “सोळा पानांची एक पंगत. पंगती दोन. बत्तीस लिही.” मुलाखत घेणाऱ्याने ‘म्हणजे नेमके कसे?’ एवढे एकदा विचारले असते, तर ही चूक झाली नसती. नातीने सोळाचे बत्तीस केले.

शेवटी आजीने विचारले, “आणि ते?”

“ते नाही. फक्त एक वाक्य आहे.” नातीने वाचले : ‘मुलाखत देणाऱ्या आजींच्या इच्छेनुसार या मुलाखतीतील एक भाग येथे समाविष्ट केलेला नाही.’

आजीने ते वाक्य पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, “पहिल्या दिवशी मी तुला काही सांगितलं नाही, ते का, ठाऊक आहे? तुला उत्तर आधीच ठाऊक होतं. ज्याला ठाऊक आहे, त्याला काय सांगायचं? दुसऱ्या दिवशी तू खरंच विचारलंस.”

मुलाखतीच्या शास्त्रावरील पुस्तकांनी अनेक प्रकरणांत जे सांगितले आहे, त्याचा गाभा या बोलण्यात आला आहे. जैन परंपरेलाही तो अपरिचित नाही. स्वाध्यायाच्या पाच प्रकारांत पृच्छना हा एक प्रकार आहे, आणि स्वाध्यायाची गणना आभ्यंतर तपांत होते. तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत पूज्यपादांनी पृच्छनेचे प्रयोजन सांगितले आहे : शंका दूर व्हावी, किंवा जे समजले आहे ते दृढ व्हावे, म्हणून दुसऱ्याला विचारणे. आपले पांडित्य मिरवण्यासाठी किंवा समोरच्याला कोंडीत पकडण्यासाठी विचारलेला प्रश्न या तपात बसत नाही. विचारणे हे तप का, असा प्रश्न पडला, तर त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेकडे पाहावे. स्वतःचे मत बाजूला ठेवणे, जिभेवर आलेला शब्द गिळणे, आलेले उत्तर आपल्या सोयीचे नसले तरी ते जसेच्या तसे घेणे, हे सोपे नाही.

व्यापारी घरांत रोज शेकडो प्रश्न विचारले जातात : भाव काय, माल कधी, पैसे किती, वायदा केव्हाचा. त्यांची उत्तरे वहीत उतरतात आणि वही जपून ठेवली जाते. त्याच घरांत ऐंशी-नव्वद वर्षांची माणसे असतात. त्यांना मात्र ‘औषध घेतलंत का?’ यापलीकडे फारसे कोणी काही विचारत नाही. विचारले तरी ‘पूर्वी आपला व्यापार कसा होता?’ असे एवढे मोठे विचारतात, की उत्तर ‘बरा होता’ एवढेच येते. त्याऐवजी ‘दुकानाची पहिली किल्ली कोणाकडे असे?’, ‘पहिला गिऱ्हाईक आठवतो का?’, ‘उधारी बुडाली त्या दिवशी घरी काय झालं?’ असे लहान प्रश्न विचारून पाहावेत. लहान प्रश्नाला माणूस घाबरत नाही, आणि त्याच्या मागून मोठी गोष्ट चालत येते. ती आली, की ती कोणाची आहे आणि ती कोणाला सांगायची, हे ठरवण्याचा हक्क सांगणाऱ्याचा, हेही त्याबरोबर लक्षात ठेवावे.

प्रबंध सादर झाला. त्यात आजीची मुलाखत तेरा पानांची आहे.

त्या वर्षी दशलक्षण पर्व संपले आणि क्षमावणीचा दिवस आला. वाटणीनंतरही त्या दिवशी भिंतीपलीकडे जाण्याची रीत मोडलेली नव्हती. दोन्ही घरची माणसे जात, हात जोडत, ‘उत्तम क्षमा’ म्हणत, आणि दोन मिनिटांत परतत. त्या दुपारी आजी एकटी गेली. थोरल्या दिरांसमोर बसून बोलण्याची तिच्या पिढीची रीत नव्हती, तरीही तिने हात जोडून झाल्यावर पाट ओढला आणि ती बसली. नातीला पुढे तिने सांगितले ते एवढेच, की आपण काही सांगायला गेलोच नव्हतो; आपण विचारायला गेलो होतो. तिने विचारले, “भाऊजी, पुराचं पाणी ओसरल्यावर तुम्ही हरिपूरला गेला होतात. तिथं काय पाहिलंत?”

थोरले पुष्कळ वेळ बोलले नाहीत. आजीही बोलली नाही. मग ते बोलू लागले.

काय बोलणे झाले, ते कोणी विचारले नाही आणि कोणी लिहून ठेवलेले नाही. एवढेच खरे, की उन्हे उतरू लागली तरी आजी परतली नाही, म्हणून सून बोलवायला गेली, तेव्हा पलीकडच्या स्वयंपाकघरात दोन पाने मांडलेली होती. त्या दिवशीचे सूर्यास्तापूर्वीचे जेवण आजीने भिंतीपलीकडेच केले.